विलगीकरणातला माणूस आणि हातातला फोन



या व्यासपीठावर मजसारख्याने उभे राहावे याचे तुमच्याइतकेच मलाही नवल वाटते आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढची विद्या सोलापुरातल्या यंत्रमागाच्या खडखडाटात आणि युनियनच्या कचेरीतील दोन कपाटांच्या ग्रंथालयात झाली. तंत्रविद्येवर बोलण्याचा मला अधिकार नाही, असे मी चालकांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "यंत्र कसे बनते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते गरिबाच्या घरात शिरल्यावर काय होते, तेवढे तुम्ही सांगा." तेवढे सांगण्यासाठी मी आलो आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी एकत्र बसून ऐकावे म्हणून. पुस्तक घरी वाचता येते. शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून ऐकण्याचा लाभ मात्र घरी होत नाही. २०२० च्या वसंतात नेमकी हीच गोष्ट निषिद्ध ठरली. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, आणि खुर्ची, सतरंजी, चहाची टपरी, कारखान्याचा दरवाजा, जिथे जिथे माणूस माणसाला भेटतो त्या सर्व जागा ओस पडल्या. त्या दिवसांत घराघरांतून एकच साधन माणसाच्या हाती राहिले, ते म्हणजे फोन. त्याने आपल्याला कितपत जोडून ठेवले, कुठे दगा दिला, आणि दगा दिला तो फोनने की आपण, हा आजचा विषय.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. त्या काळात आपण अलगीकरण आणि विलगीकरण हे शब्द एकाच अर्थाने वापरत होतो. वस्तुतः ते भिन्न आहेत. रोग झाला असेल अशी शंका आहे, पण तो झाल्याचे ठरलेले नाही, अशा माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. रोग झालेला आहे अशा रुग्णाला निरोग्यांपासून वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. सौम्य रुग्णाने हे विलगीकरण घरीच करावे, अशा सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये काढल्या. त्यांत अटी होत्या: रुग्णाला स्वतंत्र जागा असावी, चोवीस तास काळजी घेणारा माणूस असावा, आणि त्या माणसाचा रुग्णालयाशी संपर्क असावा. अटी योग्य होत्या, यात वाद नाही. परंतु आमच्या विडी कामगारांच्या वस्तीत एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढ्या जागेत सहा माणसे राहतात. तिथे स्वतंत्र खोली म्हणजे दोरीवर टाकलेले जुने लुगडे. लुगड्याच्या अलीकडून सून विचारते, पलीकडून सासू उत्तर देते; आणि मास्कमधून ऐकू येत नाही म्हणून तीन हातांवरच्या त्या दोघी एकमेकींशी फोनवर बोलतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तुम्ही हसलात, मीही हसलो होतो. पण त्या लुगड्यापलीकडच्या बाईला त्या फोनचा केवढा आधार होता हे पुढे समजले.

माणसाला वेगळे ठेवणे ही गोष्ट आपल्या प्रांताला नवी नाही. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, रुग्णांना इस्पितळात व बाकीच्यांना छावणीत हलविले. लोक काय करीत? रुग्ण लपवीत. माळ्यावर, अडगळीत, जिथे जागा मिळेल तिथे लपवीत. ते अडाणी होते म्हणून लपवीत, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझा तर्क वेगळा आहे. नेलेला माणूस पुन्हा दृष्टीस पडेल की नाही आणि त्याची खबर कोण देईल, याचा भरवसा नव्हता. मुंबईत १८८२ सालापासून टेलिफोन होता, पण तो मूठभर व्यापाऱ्यांचा आणि कचेऱ्यांचा. कामकऱ्याच्या घरापर्यंत ना तार आली होती ना विश्वास. जिथे खबर पोचत नाही तिथे भीती पोचते, आणि भ्यालेला माणूस रोग लपवतो.

दुसरे उदाहरण १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे. अमेरिकेतील शहरांत तोवर पुष्कळ घरी टेलिफोन आले होते. साथीत लोकांनी घरात बसून त्यावर एकमेकांची विचारपूस सुरू केली, आणि थोड्याच दिवसांत व्यवस्था कोलमडू लागली. कारण त्या काळी प्रत्येक बोलणे जोडून देण्यासाठी एक्स्चेंजमध्ये मुली बसत, आणि त्या मुलीच आजारी पडल्या. गरजेवाचून टेलिफोन करू नका, असे कंपन्यांना जाहिराती देऊन सांगावे लागले. मला कामगार चळवळीतला माणूस म्हणून यात एक गोष्ट दिसते: तार आपोआप बोलत नाही. तिच्या टोकाला आणि मध्यावर कोणीतरी राबत असतो. २०२० आणि २०२१ मध्ये आपण घरात बसून बोलू शकलो, ते वीज मंडळाचे वायरमन आणि मनोऱ्यांवर चढणारे तंत्रज्ञ घराबाहेर होते म्हणून. हे ऋण विसरू नये.

आता साधनांकडे वळू.

पहिले साधन म्हणजे साधा बटणाचा फोन. पडद्याचा, इंटरनेटचा मोठा फोन आल्यापासून याला कोणी विचारीत नाही. पण आजाऱ्याच्या दृष्टीने याचे मोल फार. एकदा भारला की तो तीन-चार दिवस चालतो, म्हाताऱ्या माणसाला बोटाने चाचपून लावता येतो, आणि त्यात माणसाचा आवाज येतो. आवाजातून जे कळते ते लिहिलेल्या मजकुरातून कळत नाही. वाक्य पुरे करताना धाप लागते आहे का, बोलणे अडखळते आहे का, माणूस काल बोलत होता तसा आज बोलतो आहे का, हे कान ओळखतो. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना मी एकच सांगत असे: आजाऱ्याला संदेश लिहून पाठवू नका, फोन करा.

या फोनची गोम त्याच्या पैशांत आहे. एके काळी खिशात दमडी नसली तरी फोन येत असे. निदान मिस्ड कॉल देता येत असे, आणि एक वाजला तर "पोचलो", दोन वाजले तर "मला फोन कर", अशी गरिबांची एक भाषाच तयार झाली होती. २०१८ च्या अखेरीपासून रिचार्जची मुदत संपली की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होऊ लागले. टाळेबंदीत काम थांबले, दुकाने बंद, रिचार्ज कोण मारणार? मार्च २०२० च्या अखेरीस कंपन्यांनी अल्प उत्पन्नाच्या ग्राहकांची मुदत १७ एप्रिलपर्यंत वाढविली. ते चांगलेच झाले, पण कामे १७ एप्रिलला सुरू झाली नाहीत. आमच्या युनियनने तेव्हा धान्याच्या पिशवीबरोबर रिचार्जसाठीही वर्गणी काढली. एका सभासदाने विचारले, "लोकांना पोटाला नाही आणि तुम्ही फोनला पैसे देता?" प्रश्न रास्त होता. परंतु धान्य कुठे आले आहे, हे त्या घराला कळवणार कसे? त्या दिवसांत रिचार्ज ही शिध्यातलीच एक जिन्नस होती.

दुसरे साधन पडद्याच्या फोनमधले व्हॉट्सॲप. यातील चित्रांचा गाजावाजा होतो, पण आमच्या उपयोगी पडला तो बोलका निरोप. सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची आणि विडी कामगारांची मोठी वस्ती आहे. कित्येक बायांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. काहींना कोणतीच लिपी येत नाही. सरकारी सूचनांचे कागद त्यांच्या फोनवर येऊन पडत आणि तसेच राहत. मग आम्ही त्या सूचना दोन्ही भाषांत बोलून पाठवू लागलो. बटण दाबले की ऐकू येते, पुन्हा दाबले की पुन्हा ऐकता येते. वाचता न येणाऱ्या माणसाला कोणाचे तोंड न बघता ज्ञान मिळावे, हे मला या यंत्रातले सर्वांत मोठे लोकशाहीचे काम वाटते.

त्याच वाटेने अफवाही आल्या. कोणी काढा पाजला, कोणी कापूर हुंगायला सांगितला, कोणी भाजीवाल्यावर बहिष्कार पुकारला. ७ एप्रिल २०२० रोजी कंपनीने फार वेळा पुढे ढकललेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. वेग त्याने कमी झाला. विष कमी करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. आमचा नेम असा होता की "हे कोणी सांगितले?" याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने तो निरोप पुढे पाठवायचा नाही.

तिसरे साधन, बोटाला लावायचा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर. २०२० पूर्वी हे नाव आमच्या वस्तीत कोणाला ठाऊक नव्हते. वर्षभरात शाळकरी पोरेही त्यावरचा आकडा वाचू लागली. ते कसे चालते हे समजून घेतले तर त्याच्यावर किती भिस्त ठेवावी हेही समजते. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. प्राणवायू घेतलेले रक्त लाल चुटूक असते, न घेतलेले काळसर. चिमट्याच्या एका बाजूस दोन दिवे आहेत: एक तांबडा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. समोरच्या बाजूस त्यांचा प्रकाश मोजणारा डोळा. प्राणवायू भरलेले रक्त तांबडा प्रकाश बराचसा जाऊ देते आणि अवरक्त अधिक शोषते. रिते रक्त याच्या उलट करते. नाडीच्या ठोक्याबरोबर बोटात रक्त येते-जाते, त्याने प्रकाशात जो चढउतार होतो तेवढाच हे यंत्र हिशेबात धरते आणि शेकडा प्रमाण सांगते. ही युक्ती जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. साऱ्या जगाने त्यांचे यंत्र बोटाला लावण्याचा तो काळ, आणि त्याच एप्रिल २०२० मध्ये ते निवर्तले.

प्रकाशावर चालणारे यंत्र, म्हणून त्याच्या खोडीही प्रकाशाच्या आणि रक्ताच्याच. बोट थंडगार असेल, हात हलत असेल, नखाला रंग असेल तर आकडा फसवतो. आमचे एक काका हात धुऊन ओल्या, गार बोटाला चिमटा लावीत आणि घाबरून सबंध गल्ली जागी करीत. सावळ्या कातडीवर काही वेळा हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हेही संशोधनात आढळले आहे. आपण त्याची विशेष जाण ठेवावी. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि प्राणवायू मोजा, असे सांगणारी बनावट ॲपेही २०२० साली फिरत होती. त्यांच्या नादी लागू नये.

या चिमट्याची गरज का पडली? तर हा आजार मुका होता म्हणून. कित्येक रुग्णांचा प्राणवायू घसरत असे आणि त्यांना धाप लागलेली कळतच नसे. माणूस बसल्या जागी बोलतो, हसतो, चहा मागतो आणि आतून रिता होत जातो. म्हणून निव्वळ "कसे आहात?" आणि "बरा आहे" या प्रश्नोत्तराला काही किंमत नव्हती. आकडा विचारावा लागे. आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवायचे. बसून घेतलेला आकडा ठीक असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा बघायचे. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे. दम्याच्या रुग्णाने ही चाचणी करायची नाही. चालल्यावर तीन अंकांहून अधिक उतरला, तरी कळवायचे. हा हिशेब आम्ही भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता.

चौथे साधन म्हणजे फोनवरचा डॉक्टर. दुरून तपासणी करून औषध लिहून देणे आपल्या देशात कायद्याच्या धूसर जागेत होते. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, त्याचे नियम निघाले. पुढच्या महिन्यात सरकारची ई-संजीवनी सेवा रुग्णाला थेट घरून डॉक्टरशी बोलता यावे अशी खुली झाली. ती आजही चालू आहे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या माणसाला नेहमीचे औषध चालू ठेवायला ही सेवा फार उपयोगी. डॉक्टर दुरून छातीवर हात ठेवू शकत नाही, हेही तितकेच खरे. ओठ निळे पडले, शुद्ध हरपू लागली, छातीत दुखू लागले, तर बोलत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

आता जे सांगायचे म्हणून मी आलो, त्या भागाकडे येतो. ते सांगणे मला सोपे नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. आम्ही मागच्या वर्षीच्या अनुभवाने शहाणे झालो होतो, असा आमचा समज होता. युनियनच्या सभासदांची फोनची वही तयार होती. कोणाच्या घरी आजारी आहे कळले की कचेरीतून रोज एक फोन, आणि वहीत नावापुढे नोंद. वही मीच लिहीत असे.

आमच्या एक मावशी होत्या. चाळीस वर्षे विड्या वळल्या, मोर्चात पुढच्या रांगेत, आणि शाखेत माल देताना विड्यांची छाट जास्त काढली तर मालकाच्या माणसाला सगळ्यांदेखत हिशेब विचारणाऱ्या. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात गाडी चालवणारा, घरी एकट्याच. त्यांना ताप आला, तपासणीत रोग निघाला, लक्षणे सौम्य म्हणून घरीच राहायला सांगितले. मी वहीतला क्रमांक फिरविला. फोन उचलला तो मुलाने. तो म्हणाला, "आई बरी आहे, जेवली." मी लिहिले, ठीक. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी पहाटे शेजारणीला दाराआडून कण्हणे ऐकू आले. दार उघडले तेव्हा मावशींचे बोलणे तुटत होते. चिमटा लावला तर आकडा ७८. त्या आठवड्यात प्राणवायूची खाट मिळवणे म्हणजे काय होते हे तुम्हांला सांगायला नको. खाट मिळाली, पण मावशी वाचल्या नाहीत.

मागाहून उलगडा झाला तो असा. वहीत मावशींच्या नावापुढे लिहिलेला क्रमांक मुलाचा होता. सभासदत्वाचा अर्ज भरताना त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून मुलाचा दिला. पुढे त्यांनी बटणाचा फोन घेतला, तो आम्ही वहीत चढविलाच नाही. मुलगा पुण्यात, टाळेबंदीत अडकलेला. तो आईला फोन करी. पहिल्या दिवशी ती "बरी आहे, जेवले" म्हणाली, पुढचे दोन दिवस तिने फोन उचलला नाही. त्याला वाटले झोपली असेल, फोन भारलेला नसेल. आणि मी विचारले तेव्हा, पराईच कशाला काळजी, म्हणून त्याने पहिल्या दिवसाचेच उत्तर मला दिले. मी त्याला दोष देत नाही. दोनशे पन्नास किलोमीटरवरून त्याने जेवढे केले त्यापेक्षा मी दोन किलोमीटरवरून कमी केले. ती वही अजून कचेरीत आहे, आणि त्या तीन दिवसांपुढे "ठीक" हा शब्द माझ्याच अक्षरात आहे.

नंतर आम्ही वही उघडून बसलो आणि एकेक क्रमांक तपासला, तेव्हा समजले की बायांच्या नावापुढचे निम्म्याहून अधिक क्रमांक नवऱ्याचे, मुलाचे, नाहीतर जावयाचे होते. म्हणजे ज्या संघटनेत बहुसंख्य बायका, तिच्या वहीत बायका पोचण्यासारख्या नव्हत्याच. आम्ही वर्षानुवर्षे समजत होतो की आमचा सगळ्यांशी संपर्क आहे. संपर्क होता तो घरातल्या पुरुषाच्या खिशाशी.

त्या आठवड्यात आम्ही जी पद्धत बसविली ती मी तुम्हांला सविस्तर सांगतो. ती कोणत्याही गल्लीला, सोसायटीला, भजनी मंडळाला करता येईल, आणि तिला बटणाचा फोन पुरतो.

एक, दहा घरांमागे एक जण. ही जबाबदारी बहुधा बायांनी घेतली आणि पुरुषांपेक्षा चोख पार पाडली. दोन, वहीत क्रमांक त्या माणसाच्या स्वतःच्या हातातल्या फोनचा. त्याशेजारी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याचा क्रमांक, आणि रिचार्ज संपण्याची तारीख. तीन, फोनची वेळ ठरलेली: सकाळी आठ, संध्याकाळी सात. वेळ ठरलेली असली की आजारी माणूस फोन जवळ घेऊन बसतो, तो भारून ठेवतो आणि वाट पाहतो. वाट पाहण्यासारखे काही असणे हे निम्मे औषध आहे. चार, विचारायचे ते ठरलेले: ताप किती, आकडा किती, पोटात काय गेले, आणि त्यानंतर निदान पाच मिनिटे आजार सोडून दुसरे काहीही. पाच, उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे. दुसऱ्याने सांगितलेले "बरी आहे" वहीत चढवायचे नाही.

आणि सहावे, ज्यावर सगळे उभे आहे ते असे: दोनदा वाजूनही फोन उचलला नाही, तर पंधरा मिनिटांच्या आत माणूस दारावर गेला पाहिजे. तो कोण, हे आधी ठरलेले पाहिजे. त्याने मास्क बांधून, खिडकीशी उभे राहून हाक मारायची. उत्तर नाही आले तर शेजाऱ्याला घेऊन दार उघडायचे.

मंडळी, या फोनबद्दल मला जे समजले ते या सहाव्या कलमात आहे. फोन वाजतो तेव्हा त्याचे काम सगळ्यांना दिसते. पण विलगीकरणातल्या माणसाला धोका असतो तो फोन न वाजण्यात, न उचलण्यात. न उचललेल्या फोनचा अर्थ आपण सोयीने लावतो: झोपली असेल, फोन भारलेला नसेल, रेंज नसेल. यंत्र ही शांतता आपल्यापर्यंत आणून पोचवते. तिचा अर्थ काय आणि तिच्यासाठी चप्पल कोणी घालायची, हे यंत्राला ठरवता येत नाही. ते माणसांनी आधी बसून ठरवावे लागते. आम्ही कामगार चळवळीत याला संघटना म्हणतो.

ही पद्धत बसल्यावर मे महिन्यात तीनदा दार उघडावे लागले. दोनदा खरोखरच माणूस झोपलेला होता आणि आम्ही शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या खेपेला एक विणकर चक्कर येऊन मोरीत पडलेला सापडला. तो आज मागावर आहे.

आता मनाच्या आरोग्याविषयी थोडे. देह सांभाळला म्हणजे झाले, अशी आपली समजूत असते. पण दहा-चौदा दिवस लुगड्याआड बसलेल्या माणसाचे मन प्रथम खचते. केरळात कन्नूरकडे विडी कारखान्यांतून एक जुनी रीत होती. बाकीचे विड्या वळत आणि एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाची. त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून देत. क्यूबातल्या सिगार कामगारांतही एकोणिसाव्या शतकापासून असा वाचक असे. हे मी पुस्तकात वाचले होते. त्या वेळी ते उपयोगी पडले. दहावीतल्या एका मुलीने रोज पाचच्या सुमारास दहा मिनिटांचे वाचन बोलक्या निरोपातून पाठवायला सुरुवात केली: दोन बातम्या, एखादी गोष्ट, आधी मराठीत आणि मग तेलुगूत. मरणाचे आकडे वाचायचे नाहीत, एवढी एकच अट. पंधरा दिवसांत अशी स्थिती झाली की पाच वाजून गेले तर लोक तिलाच विचारीत, "पोरी, तू बरी आहेस ना?" मला वाटते, त्या प्रश्नाने विचारणाऱ्याचेही दुखणे हलके होत असेल. ज्याची सर्वजण विचारपूस करतात तो रुग्ण असतो. त्याने दुसऱ्याची विचारपूस केली की तो पुन्हा माणूस होतो.

याउलट रात्रंदिवस पडद्याला डोळे लावून बातम्या पाहणारे मी पाहिले. त्यांची झोप गेली, आणि झोप गेलेल्याला साधा खोकलाही मरणाची वर्दी वाटतो. बातमी दिवसातून एकदा, रात्री फोन उशापासून दूर, दुपारी खिडकीपाशी थोडी हालचाल: एवढे पथ्य पुरेसे असते. मन फारच खचले तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. वृद्धांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. कागदावर लिहून भिंतीला डकवा. फोनमध्ये साठवलेला क्रमांक घाबरलेल्या माणसाला सापडत नाही.

एक इशाराही दिला पाहिजे. जे यंत्र दार होते तेच कुलूपही होते. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसांना लस खुली झाली, पण आधी इंटरनेटवरून नाव नोंदवून वेळ घेण्याची अट होती. वेळ मिळण्यासाठी ज्याचे बोट चपळ त्याला लस. यंत्रमागावरचा आमचा कामगार, ज्याचे बोट फक्त सुताच्या गाठीला चपळ, तो मागे राहिला. तीन आठवड्यांनी सरकारी केंद्रांवर समक्ष नोंदणीची मुभा आली. साधन सक्तीचे केले की ज्याच्यापाशी ते नाही त्याचा हक्क जातो, हे कोणतीही योजना आखताना लक्षात ठेवले पाहिजे. आणि एकट्या माणसाला फोनवरून लुबाडणारेही याच दिवसांत माजले. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, ही शिकवण "साबणाने हात धुवा" इतकीच आम्ही घोकून घेतली.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आज हे पुराण कशासाठी, असे कोणी विचारील. तर विलगीकरण संपले नाही म्हणून. मुले पुण्या-मुंबईला, परदेशी. घरी एकटी आई, एकटा बाप. पाय मोडून खाटेवर पडलेला शेजारी. सेवानिवृत्तीनंतर ज्याच्या दारावर कोणी येत नाही असा जुना सहकारी. यांना कोणताही सरकारी हुकूम नाही, तरी ते चार भिंतींत आहेत. त्याच संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो असे म्हटले आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी फोन असणार. फोन असणे आणि कोणी नेमाने फोन करणे, यांत जेवढे अंतर आहे तेवढेच अंतर मावशींच्या दारापासून माझ्या वहीपर्यंत होते.

येथून घरी गेल्यावर फार मोठे काही करू नका. आपल्या वहीत, फोनमध्ये, जिथे क्रमांक लिहून ठेवता तिथे, एकटे राहणाऱ्या पाच माणसांची नावे काढा. तो क्रमांक त्यांच्याच हातातल्या फोनचा आहे का, हे बघा. त्यांच्या शेजाऱ्याचा क्रमांक आपल्यापाशी आहे का, तेही बघा. नसेल तर उद्या सकाळी मिळवा, आणि आठ वाजता पहिला फोन लावा.